एकाच पाइपमधली दोन पाणी: खदानीच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे, खाणीचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. प्रस्तुत लेखक या कामात तांत्रिक सल्लागार होता. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील सर्वांत महागात पडलेली चूक त्याची स्वतःची आहे.

गाव सुमारे 1,300 वस्तीचे. काळी जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीन. गावापासून दोन किलोमीटरवर जुनी भूमिगत खाण आणि तिच्या पलीकडे नंतर उघडलेली खुली खाण. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पसरलेल्या या कोळसापट्ट्यात गोंडवाना काळातील खडक आहेत. कोळशाचे थर बराकर खडकांत सापडतात आणि त्यांच्या वर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म असतो, जो पाणी चांगले साठवतो आणि चांगले वाहूनही नेतो. खाण खोल गेली की या वालुकाश्मातले पाणी खाणीत झिरपते, खाणीला ते रात्रंदिवस उपसून टाकावे लागते आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. या गावाची सार्वजनिक विहीर पूर्वी मे महिन्यापर्यंत पुरायची. आता ती होळीलाच तळ दाखवते.

राहिल्या दोन हापशा. त्यांचे पाणी चवीला गोड, पण त्यात फ्लोराइड लिटरला 2.3 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 नुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा 1 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. शाळेतल्या मुलांच्या दातांवरचे पिवळट-तपकिरी पट्टे आम्ही गेलो त्या दिवशीच दिसले. गावकरी त्याला तंबाखू न खाताच आलेले डाग म्हणत आणि त्यावर हसत.

ग्रामसभेत एका वयस्क बाईंनी विचारलेला प्रश्न या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. खदान एवढे पाणी नाल्यात सोडते, मग आम्ही गुंड घेऊन टँकरची वाट का पाहायची? प्रश्न रास्त होता. खाणीच्या पंपाच्या नोंदवहीप्रमाणे दिवसाला सुमारे 30 लाख लिटर पाणी नाल्यात जात होते. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटर या निकषाने गावाची गरज होती 71,500 लिटर, म्हणजे उपशाच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी.

समस्या

आम्ही येण्याआधी एक प्रयत्न होऊन गेला होता. सामाजिक दायित्व निधीतून खाणीपासून गावातल्या टाकीपर्यंत पाइपलाइन टाकली गेली, वाटेत वाळूचा दाबगाळक बसवला आणि पाणी नळाला सोडले. पाणी दिसायला स्वच्छ होते. पंधरा दिवसांतच बायकांनी ते पिणे सोडले. तक्रारी ठरावीक होत्या: तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाच्या भांड्याला पांढरे पापुद्रे धरतात. लग्नाला आलेल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना जुलाब झाल्याचीही तक्रार होती, आणि ती आम्ही सुरुवातीला गांभीर्याने घेतली नाही, कारण गावातल्या माणसांना तसा त्रास होत नव्हता. सल्फेट आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्याची सवय नसलेल्या माणसालाच ते आधी बाधते. पाहुण्यांची तक्रार म्हणजे फुकटात मिळालेला प्रयोगशाळेचा अहवाल होता.

वाळूच्या गाळकाने गाळ अडतो; विरघळलेला क्षार अडत नाही. म्हणून प्रश्न आमच्याकडे आला तो असा: या पाण्यातले क्षार काढून ते पिण्यायोग्य करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या याचे उत्तर नवे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाहलेनी येथे कोळसा खाणींचे पाणी शुद्ध करून शहराला पिण्यासाठी देणारा प्रकल्प 2007 पासून चालू आहे, आणि आपल्याकडे नागपूरजवळच्या पाटणसावंगी येथे वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, खाणीच्या पाण्यावर प्रक्रिया करून ते ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंदही केले आहे. होऊ शकते का, हा प्रश्न नव्हताच. या गावात, या विजेवर, या माणसांच्या हातून ते रोज होईल का, हा होता.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

आम्ही सप्टेंबरमध्ये खाणीच्या पाइपच्या तोंडाशी नमुना घेतला. एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, 740 मिलिग्रॅम, कठीणपणा 390, सल्फेट 190, लोह 0.4; मँगनीज 0.15. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम हे मर्यादेच्या आत. हा अहवाल पाहून आम्ही तासाला 1,000 लिटर शुद्ध पाणी देणारा आरओ संच, म्हणजे पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलून क्षार अडवणारे यंत्र, सुचवला, तो मंजूर झाला, आणि जानेवारीत फीत कापली गेली.

एप्रिलच्या अखेरीस संच बंद पडला. पडद्यावरचा दाब वाढत गेला, पाणी कमी होत गेले आणि आधीच्या काडतूस गाळण्या, ज्या महिनाभर चालायला हव्या होत्या, त्या चौथ्या दिवशी काळ्या पडू लागल्या. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने आम्लाने धुऊन पाहिले. तात्पुरता फरक पडला आणि आठवड्यात परिस्थिती पूर्वपदावर आली.

आम्ही पुन्हा नमुना घेतला. टीडीएस 1,620, कठीणपणा 980, सल्फेट 780, मँगनीज 0.7, लोह 2.1. सप्टेंबरचे आणि एप्रिलचे आकडे शेजारी ठेवले तर ही एकाच पाइपमधली पाणी आहेत असे कोणी म्हणणार नाही.

येथे थांबून सांगितले पाहिजे की हा विरोध आम्हाला आधीच दिसायला हवा होता. डाळ न शिजण्याची तक्रार उन्हाळ्यातली होती आणि आमचा नमुना पावसाळ्याच्या शेवटचा. 390 कठीणपणाच्या पाण्यात डाळ उशिरा शिजते, पण शिजते. बायका जे सांगत होत्या ते कागदावरच्या आकड्याशी जुळत नव्हते, आणि आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला. एका नमुन्यावर यंत्र ठरवणे ही घाई होती. कारण देता येईल, की आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी खर्ची पडायला हवा होता, आणि ते खरेही आहे. पण त्या बैठकीत ‘एक उन्हाळा थांबू या’ असे म्हणण्याची जबाबदारी सल्लागाराची होती, आणि तो गप्प बसला.

पाणी बदलले कसे

मे महिन्यात खाण व्यवस्थापकांच्या परवानगीने आम्ही दोघे जण त्यांच्या माणसांबरोबर खाली उतरलो. प्रकरणाचे वळण तेथे आहे.

खाणीत पाणी गोळा होण्याच्या दोन जागा होत्या. दक्षिणेच्या बाजूला चालू कामाच्या छतातून वालुकाश्माचे पाणी झिरपत असे आणि एका छोट्या हौदात जमा होत असे. उत्तरेला जुना गोफ होता, म्हणजे कोळसा काढून झाल्यावर छत कोसळू दिलेला भाग, आणि त्यात वर्षानुवर्षे पाणी साचलेले. दोन्हीकडचे पंप एकाच मुख्य पाइपमध्ये पाणी ढकलत होते. पावसाळ्यात छताचे झिरपणे वाढते, म्हणून पाइपमध्ये दक्षिणेच्या पाण्याचा वाटा मोठा असतो. उन्हाळ्यात झिरपणे आटते, आणि नेमक्या त्याच वेळी खाण गोफातली पातळी खाली आणते, कारण पाऊस सुरू होण्याआधी जुन्या कामातले पाणी कमी करणे खाली काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आवश्यक असते.

गोफातले पाणी वाईट का होते याचे कारण कोळशासोबत असणाऱ्या पायराइट या खनिजात आहे. लोह आणि गंधक यांचे हे संयुग हवा आणि पाणी यांच्या संपर्कात आले की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते. काही खाणींतून त्यामुळे चक्क आंबट पाणी बाहेर पडते. या खाणीत पाण्याचा सामू (pH; 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क) 7.4 होता, आणि त्यावरून पाणी ठीक आहे असा आमचाही समज झाला होता. प्रत्यक्षात आम्ल तयार होतच होते. खडकातील चुनखडीसारखी कार्बोनेट खनिजे ते शमवत होती. पण शमवण्याची किंमत असते. आम्ल गेले, त्याच्या जागी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट पाण्यात उतरले. म्हणजे डाळ न शिजवणारा कठीणपणा आणि पाहुण्यांचे पोट बिघडवणारे सल्फेट ही एकाच क्रियेची दोन फळे होती.

हे सगळे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. जे माहीत नव्हते ते पंप खलाशाने सांगितले. वीस-बावीस वर्षे खाली काम केलेला हा माणूस आमच्या बाटल्यांकडे बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, आम्ही ड्युटीवर इकडचंच पानी पेतो. तिकडचं तोंडात घेववत नाही.” त्याने हात दक्षिणेच्या हौदाकडे केला होता. त्या हौदाचा नमुना स्वतंत्र तपासला, तेव्हा टीडीएस 560, कठीणपणा 310, सल्फेट 70, फ्लोराइड 0.8, लोह 0.3 आणि मँगनीज 0.1 पेक्षा कमी आढळले. जमिनीवर लाखो रुपयांचे यंत्र लावून आम्ही जी दोन पाणी वेगळी करू पाहत होतो, ती खाली निसर्गतःच वेगळी होती. पाइपने ती एकत्र केली होती.

तपासलेले पर्याय

जून महिन्यात ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, खाणीचे अधिकारी आणि आम्ही असे एकत्र बसलो. पर्याय पाच होते, पण खरा विचार तीनांवरच झाला.

नदीवरून येणारी प्रादेशिक योजना हा कायमचा उपाय होता आणि त्यावर कोणाचे दुमत नव्हते. ती येईपर्यंत गावाने काय प्यावे, एवढाच प्रश्न होता. नवी खोल बोअर घेण्याची सूचना एका सदस्याने केली. फ्लोराइडचा पट्टा माहीत असताना त्यावर वेळ घालवला गेला नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीने, म्हणजे तुरटी आणि चुना वापरून, हापशीच्या पाण्यातले फ्लोराइड काढण्याचाही विचार झाला. पण उन्हाळ्यात हापशीलाच पाणी पुरत नव्हते.

खुल्या खाणीच्या तळातले पाणी घ्यावे असा आग्रह काही जणांनी धरला, कारण ते भरपूर असते आणि त्यातला क्षार कमी असतो. आम्ही त्याला ठाम विरोध केला. खुल्या खाणीत स्फोटासाठी अमोनियम नायट्रेटवर आधारलेली स्फोटके वापरतात. न पेटलेला अंश पाण्यात विरघळतो आणि नायट्रेट वाढू शकते. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही, कारण तान्ह्या मुलांना ते घातक असते. शिवाय डंपर आणि शॉवेलचे तेल त्याच पाण्यात उतरते. ज्या पाण्याची गुणवत्ता आज कुठे सुरुंग लावला यावर ठरते, ते पाणी गावाला बांधून देता येत नाही.

उरले दोन. पहिला, आहे त्याच मिश्र पाण्यावर भक्कम पूर्वप्रक्रिया बसवायची आणि आरओ चालू ठेवायचा. दुसरा, खाली पाणी वेगळे करायचे आणि चांगलेच पाणी वर आणायचे.

पहिल्या पर्यायाची चाचणी आम्ही खरोखर घेतली होती. प्लास्टिकच्या बादल्या, घंगाळ आणि एक छोटा पंप एवढ्या साहित्यावर आठवडाभर काम केले. पाणी उंचावरून धारेने पाडून त्यात हवा मिसळली की लोह तासाभरात तांबूस होऊन तळाशी बसत होते. मँगनीज मात्र हलत नव्हते. सात-साडेसात सामूच्या पाण्यात मँगनीजला नुसती हवा पुरत नाही. सामू नऊच्या वर न्यावा लागतो किंवा क्लोरीन अथवा पूर्वी विहिरीत टाकत ते जांभळे पोटॅशियम परमँगनेट वापरावे लागते. काडतूस काळे पडण्याचा उलगडा येथे झाला: लोहाचा थर तांबडा असतो, मँगनीजचा काळा. आणि पडद्यावरचा कठीण पांढरा थर जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, होता. आरओमधून निम्म्याहून थोडे जास्त पाणी शुद्ध होऊन निघते, तेव्हा सर्व क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात. 1,620 चे पाणी बाहेर पडताना साडेतीन हजारांच्या घरात जाते आणि कॅल्शियम सल्फेट विरघळून राहू शकत नाही. हे सर्व सांभाळता येते. त्यासाठी परमँगनेटची मात्रा रोज मोजून द्यावी लागते, कमी पडली तर मँगनीज निसटते आणि जास्त पडली तर पाणी गुलाबी होते. पडद्यावर असा थर धरू न देणारे स्केलविरोधी रसायन संपू देता येत नाही. शहरातल्या जलशुद्धीकरण केंद्राला हे जमते. ग्रामपंचायतीच्या एका कर्मचाऱ्यावर, ज्याला पाणीपट्टीही वसूल करायची असते, हे टाकणे अन्यायाचे होते.

म्हणून दुसरा पर्याय. त्यात अडचण रसायनाची नव्हती, खाणीच्या शिस्तीची होती. खाणीला वर येणाऱ्या दोन पाइपलाइन होत्या: एक चालू, एक राखीव. राखीव लाइन गावासाठी दिली, तर अतिवृष्टीत गोफातले पाणी वाढल्यावर काय करायचे? व्यवस्थापक म्हणाले की माझ्या माणसांच्या जिवापेक्षा गावाचे पाणी मोठे नाही, आणि ते बरोबर होते. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले, की राखीव लाइन दक्षिणेच्या हौदाला जोडायची. आणीबाणीत खाण ती परत घेईल, पण तसे करण्याआधी गावातल्या संच चालवणाऱ्या व्यक्तीला फोन करेल. जोडणीच्या कामासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीची मागणी करण्यात आली. खाण आणि खनिजे कायद्यात 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा निधी उभा राहिला आहे आणि पिण्याचे पाणी हा त्याच्या प्राधान्याच्या विषयांपैकी एक आहे.

आरओ ठेवायचा की काढायचा

आता एक नवाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर लेखकाचे मत पुढे चुकीचे ठरले.

560 टीडीएसचे पाणी स्वीकार्य मर्यादेच्या, म्हणजे 500 च्या, किंचित वर आहे. दुसरा स्रोत नसताना चालणाऱ्या 2,000 च्या मर्यादेच्या खूप आत आहे. हवा देणे, गाळणे आणि क्लोरीन एवढ्यावर ते पिण्यायोग्य होते. आरओ चालवायचा म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी फेकायचे, वीज जाळायची आणि सुटे भाग आणायला नागपूर गाठायचे. म्हणून आम्ही सुचवले की संच बंद करून शाळेच्या खोलीतली जागा मोकळी करावी.

ग्रामसभेने हे मान्य केले नाही. काहींना यंत्राची प्रतिष्ठा होती, हे खरे. पण बचत गटाच्या अध्यक्षांचे म्हणणे वेगळे होते: पाणी खदानीचे आहे, खाली कोण कोणता व्हॉल्व्ह फिरवेल ते आपल्या हातात नाही, तेव्हा मशीन राहू द्या. आम्ही याला भीती म्हटले. शेवटी तडजोड झाली. नळाला सर्व वापरासाठी हवा देऊन, गाळून, क्लोरीन टाकलेले पाणी. आणि फक्त पिण्यासाठी आरओच्या केंद्रातून 20 लिटरचा जार 5 रुपयांना. माणशी पाच लिटर धरले तर पिण्याची गरज रोज साडेसहा हजार लिटर; संच दिवसाला सात तास चालला तरी भागते.

अंमलबजावणी

काम पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण झाले. जमिनीवर हवा देणारा पायऱ्यांचा हौद, दोन गाळक, क्लोरीनची मात्रा देणारा पंप आणि सगळ्यांत स्वस्त पण सगळ्यांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे येणाऱ्या पाइपवरचा विद्युतवाहकता मोजणारा मीटर. पाण्यात क्षार जितके जास्त, तितका त्याचा आकडा मोठा. दक्षिणेचे पाणी या मीटरवर साधारण 870 दाखवते, गोफाचे 2,400. आकडा 1,200 च्या वर गेला की घंटा वाजते आणि व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढाच नियम. संच चालवण्याची जबाबदारी बचत गटातल्या एका बारावी झालेल्या सुनेने घेतली. तिने पहिल्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहिले आणि ते आजतागायत लिहिते आहे.

आरओचे पाणी सुरुवातीला कोणाला आवडले नाही. टीडीएस 40 वर आले होते. पाणी फिके लागते, तहान भागत नाही, असे लोक म्हणत आणि पुन्हा हापशीकडे वळत. फ्लोराइडचे पाणी चवदार आणि शुद्ध पाणी बेचव, असा हा पेच होता. मग चार भागांत एक भाग गाळलेले पाणी मिसळले. टीडीएस 170 च्या आसपास स्थिरावले आणि तक्रार थांबली. हापशांना लाल रंग देऊन ‘फक्त वापरासाठी’ असे लिहिले. तरीही काही वृद्ध मंडळी चहा हापशीच्याच पाण्याचा करतात, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

सांडपाण्याचा विचार आम्ही उशिरा केला. आरओचे क्षारयुक्त पाणी पहिल्या वर्षी संचामागच्या चरीत सोडले जात होते आणि चर एका शेतकऱ्याच्या बांधाला लागून जात होती. उन्हाळ्यात त्याच्या धुऱ्यालगत जमिनीवर पांढरट पापुद्रा आला. तो दोन वेळा ग्रामपंचायतीत येऊन गेला. तिसऱ्या वेळी त्याने मातीचे ढेकूळच टेबलावर ठेवले. काळ्या मातीत एकदा क्षार बसला की तो सहज निघत नाही, तिचा निचराच कमी असतो. त्यानंतर हे पाणी टाकीत साठवून खाणीच्या पाणी शिंपडणाऱ्या टँकरला देण्यात येऊ लागले. कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावर धूळ दाबायला रोज टँकर लागतातच. शेतकऱ्याच्या त्या पट्टीत पहिल्या पावसानंतर खोल पाळी आणि शेणखत दिले; पुढच्या हंगामात तूर उगवली, कापूस मात्र विरळच राहिला. त्याला भरपाई मिळाली नाही.

जुलैची रात्र

पहिल्या पावसाळ्यात, सलग दोन दिवसांच्या पावसानंतर, खाणीने राखीव लाइन परत घेतली. फोन आला नाही. पाळी बदलली होती आणि नव्या पाळीतल्या माणसाला करारातली ती ओळ माहीत नव्हती. पहाटे पाचच्या सुमारास मीटरची घंटा वाजली. संच चालवणारी सून उठून गेली, तिने व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर बरेच पाणी गावाच्या टाकीत उतरले होते. त्या दिवशी आणि पुढचा दिवसभर नळाचे पाणी जड होते.

पिण्याचे पाणी मात्र बिघडले नाही. आरओने ते क्षार अडवले, गाळलेले पाणी मिसळणे त्या दोन दिवसांपुरते बंद ठेवले आणि एक-दोन दिवसांत पडदा खराब होत नसल्याने संचालाही इजा झाली नाही. आम्ही जे यंत्र काढून टाकायला सांगितले होते, त्याचाच तो उपयोग होता. बचत गटाच्या अध्यक्षांनी हे आम्हाला ऐकवले नाही. फक्त पुढच्या बैठकीत चहा आरओच्या पाण्याचा असल्याचे दोनदा सांगितले.

काय वेगळे करता आले असते

एक उन्हाळा आणि एक पावसाळा असे किमान दोन्ही टोकांचे नमुने घेतल्याशिवाय यंत्राची मागणी करायला नको होती. दर महिन्याला टीडीएस आणि कठीणपणा मोजायला साध्या चाचणी संचाव्यतिरिक्त काही लागत नाही. ते काम शाळेतली मुलेही करू शकली असती. पाइपच्या तोंडाशी नमुना घेऊन परत फिरण्याऐवजी पहिल्याच भेटीत खाली उतरण्याची परवानगी मागितली असती, तर पंप खलाशाची भेट आठ महिने आधी झाली असती.

साठवणीचा हिशेब एका दिवसाचा केला, तो दोन दिवसांचा हवा होता. जुलैतील घटनेनंतर दुसरी टाकी बांधण्याचा ठराव झाला. करारात ‘फोन करेल’ असे लिहिण्याऐवजी राखीव लाइनच्या व्हॉल्व्हवर कुलूप आणि त्याची किल्ली पाळी प्रमुखाकडे, असे लिहायला हवे होते. आता तसे आहे. सांडपाण्याची जागा यंत्राच्या जागेआधी ठरायला हवी होती, याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र लेखकाचे मत अजून ठरलेले नाही. 5 रुपयांचा दर विजेचा आणि गाळण्यांचा खर्च कसाबसा भरून काढतो. पडदा बदलण्याची वेळ आली की पैसा बाहेरूनच आणावा लागेल. दर वाढवला तर गरीब घरे हापशीकडे जातील. खाणीमुळे ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांनी खाणीचेच पाणी विकत घ्यावे का, हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी निघतो, आणि तो निघायलाच हवा.

सध्याची स्थिती

संच तिसऱ्या वर्षात आहे. टँकर बंद झाला. पिण्याच्या पाण्याचे फ्लोराइड 0.3 च्या आत आहे. मोठ्या मुलांच्या दातांवरचे डाग जाणार नाहीत, आता दात येणाऱ्या मुलांकडे पाहावे लागेल.

खाणीतला कोळसा संपत आला आहे. खाण बंद झाली की पंप थांबतील, जुन्या कामात पाणी चढू लागेल आणि दक्षिणेचा हौदही त्यात बुडेल. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या पायराइटवर साचलेले क्षार त्या पहिल्या भरतीत धुऊन येतात, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे पाणी आजच्यापेक्षा वाईट असते. पूर्ण बुडाल्यावर हवा पोहोचत नाही आणि ते हळूहळू सुधारते. ते सुधारेल तेव्हा गावाजवळ पाण्याने भरलेला मोठा साठा असेल, पण उपसायला खाणीचा पंप आणि खाणीची वीज नसेल. प्रादेशिक योजनेची जलवाहिनी अजून शेजारच्या गावापर्यंतच आली आहे.

ग्रामपंचायतीने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सल्ल्याने छताच्या वालुकाश्मात, खाणीच्या कामापासून दूर, एक निरीक्षण बोअर घेतली आहे. तिची पातळी आणि टीडीएस दर तीन महिन्यांनी त्याच वहीत, वेगळ्या पानावर, लिहिले जातात. आतापर्यंत सहा नोंदी झाल्या असून शेवटच्या दोनांत पातळी अर्धा मीटर खाली गेली आहे. पुढची मोजणी मे महिन्यात आहे.